पहिल्या पानावरचा थेरपिस्ट

मंडळी, या विकांताचा विषय थोडा आडवळणाचा आहे: थेरपिस्ट लोकांच्या वेबसाइट्स आणि त्यांचं एसईओ. ज्यांची या शब्दाशी रोज गाठ पडत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे गुगलवर कुणी काही शोधलं की आपली साइट वर दिसावी म्हणून केलेली सगळी खटपट. त्यातली काही खटपट सरळ असते, काही वाकडी.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे नात्यागोत्यातल्यांच्या साइट्स करून देणं ओघानं आलंच. (लग्नात डॉक्टर भाच्याला गाठून लोक गुडघे दाखवतात ना, तसंच.) गेल्या दोनेक वर्षांत अशा तीन साइट्स हातून गेल्या आणि योगायोगानं तिन्ही समुपदेशन करणाऱ्यांच्या निघाल्या. एक माझी मावसबहीण, बाकी दोघी तिच्या मैत्रिणी. तिघींनाही साइट सुरू झाल्यापासून महिन्याभरात एसईओवाल्यांचे फोन आले, आणि तिन्ही फोन जवळपास एकाच छापाचे. महिन्याला अमुक हजार द्या, सहा महिन्यांत पहिल्या पानावर, गॅरंटी!

आता गुगल स्वतःच्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहितं की पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही. म्हणजे गॅरंटी हा शब्द ऐकला की फोन ठेवायला हरकत नाही. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. समजा, खरंच पहिला नंबर मिळाला. तर थेरपिस्टला तो हवा आहे का? आणि तिला शोधणाऱ्या माणसाचा त्यात फायदा आहे का?

माझं मत असं, की थेरपिस्टनं एसईओ जरूर करावं. पण हॉटेल किंवा मोबाइल कव्हरचं दुकान जसं करतं तसं करू नये. दुकानाला गर्दी हवी असते. थेरपिस्टला हवा असतो तो एक माणूस, ज्याला तिची मदत खरोखर होईल. आणि हा माणूस जे शब्द टाइप करतो ते एसईओवाल्यांच्या यादीत बहुधा नसतातच.

आधी साधं गणित करू.

समजा एक थेरपिस्ट आठवड्याला २० सेशन्स घेते. (ताई म्हणते याहून फार जास्त घेतली तर विसाव्या माणसाचं ऐकायला डोकं शिल्लक राहत नाही.) प्रत्येक क्लायंट आठवड्यातून एकदा येतो असं धरलं तर एका वेळी २० माणसं. एक माणूस साधारण चार महिने येतो असं धरा. म्हणजे महिन्याला ५ जण थांबतात आणि ५ नव्यांना जागा होते. त्यातले निम्मे तरी फॅमिली डॉक्टरांकडून किंवा कुणाच्या तरी ओळखीतून येतात. म्हणजे वेबसाइटनं महिन्याला किती माणसं आणायची? दोन, फार तर तीन.

आणि एसईओवाला ग्राफ कसला दाखवतो? महिन्याला दहा हजार व्हिजिटर्सचा!

"अरे, पण त्या मुलीनं मला दाखवलं," ताई म्हणाली, "आपण पंधराव्या पानावर आहोत."

"कुठला शब्द टाकून?"

"बेस्ट सायकॉलॉजिस्ट इन इंडिया."

"ताई, तू कर्वेनगरात बसतेस. तुझ्याकडे भोपाळहून कोण येणार आहे?"

हसण्यावारी गेलं, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. दुकानात चुकीचं गिऱ्हाईक आलं तर ते दोन मिनिटं बघून निघून जातं. इथे चुकीचा माणूस आला तर काय होतं? त्यानं कदाचित महिनाभर धीर गोळा करून फोन केलेला असतो. समोरून उत्तर येतं, "हे माझ्या कामात बसत नाही हो, तुम्ही दुसरीकडे बघा." ती प्रामाणिक असते, पण तो माणूस दुसरा फोन लावेलच असं नाही. म्हणजे साइटवर नको ती गर्दी आणण्याची किंमत आहे, आणि ती थेरपिस्टपेक्षा फोन करणाऱ्याला जास्त पडते.

आता गुगलकडे वळू. डॉक्टर, वकील, थेरपिस्ट असं जवळपासचं काही शोधलं की नकाशासकट जी यादी येते, तिची क्रमवारी मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते असं गुगल सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, तुम्ही शोधणाऱ्यापासून किती लांब, आणि तुमचं नाव किती ठिकाणी व किती चांगल्या रीतीनं आलेलं आहे. पैसे देऊन यातली जागा वर सरकवता येत नाही, हेही तेच सांगतात. (जाहिरात वेगळी. तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.) अंतराच्या बाबतीत तुम्ही काही करू शकत नाही. दवाखाना उचलून शोधणाऱ्याच्या सोसायटीत नेता येत नाही. उरल्या दोन गोष्टी, आणि वाकडे धंदे चालतात ते याच दोन गोष्टींवर. ताईच्या कोटेशनमध्ये जे जे होतं त्याचा समाचार घेतो.

एक. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये नावाच्या जागी 'अमुक तमुक - बेस्ट कौन्सेलर फॉर डिप्रेशन, अँग्झायटी, मॅरेज इन पुणे' असं लिहायचं. हे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे. तिथे बाहेरच्या पाटीवर असेल तेच नाव लिहायचं असतं. कुणी तक्रार केली तर नाव बदललं जातं, प्रोफाइल बंदही पडू शकतं. आणि नियम सोडा, रडवेल्या माणसाला पहिल्यांदा दिसणारं तुमचं नाव लिलावाच्या जाहिरातीसारखं असावं का?

दोन. कोथरूड, बाणेर, वाकड, हडपसर, खराडी... अशी ४० पानं बनवायची. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. थेरपिस्ट बसते एकाच ठिकाणी. अशा पानांना गुगल 'डोअरवे' म्हणतं आणि ती स्पॅममध्ये धरतं.

तीन. लेखांचा रतीब. 'नैराश्य म्हणजे काय', 'नैराश्याची दहा लक्षणं', 'नैराश्यावर मात करण्याचे सात मार्ग'. पूर्वी हे कुणीतरी पाचशे रुपयांत लिहायचं, आता एआय फुकटात लिहितं. मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्पॅमच्या नियमांत नेमकं हेच घातलं: केवळ रँकिंगसाठी घाऊक बनवलेला मजकूर, मग तो माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं. आरोग्य आणि पैसा हे विषय तर गुगल आधीपासूनच जास्त कडक चष्म्यातून बघतं. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून भारतातही सर्चच्या वरच एआयनं लिहिलेला सारांश दिसू लागला. 'नैराश्य म्हणजे काय' याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं, खाली उतरून तुमच्या साइटवर कोण येतंय? उलट तुमची फी किती, शनिवारी संध्याकाळी वेळ मिळते का, जिना चढावा लागतो का, हे तुम्ही स्वतः लिहिल्याशिवाय कुठल्याही यंत्राला नीट सांगता येणार नाही.

चार. रिव्ह्यू. हा सगळ्यात नाजूक भाग. कोटेशनमध्ये '२५ फाइव्ह स्टार रिव्ह्यूज' अशी चक्क ओळ होती, किंमतीसकट! खोटे रिव्ह्यू ही फसवणूक आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. पण खरे रिव्ह्यू मागायचे का? हॉटेलवाला बिलाबरोबर क्यूआर कोड ठेवतो, तसा सेशननंतर थेरपिस्टनं ठेवायचा का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत यावर स्पष्ट कलम आहे: उपचार चालू असलेल्या क्लायंटकडे प्रशस्तिपत्र मागायचं नाही. कारण उघड आहे. जो तुमच्यासमोर मन मोकळं करून बसलाय, तो तुम्हाला 'नाही' कसा म्हणणार? ती संहिता भारतात लागू नाही, पण कारण तर पुण्यातही तेच आहे ना?

त्यातून कुणी वाईट रिव्ह्यू दिला की आणखी पंचाईत. हॉटेलवाला उत्तर देऊ शकतो, "साहेब, त्या दिवशी तुम्ही उशिरा आलात." थेरपिस्टनं असं काही लिहिणं म्हणजे हा माणूस माझ्याकडे येत होता हे जाहीर करणं. न्यू जर्सीतल्या एका मानसोपचार केंद्रानं वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटच्या आजाराची माहिती लिहिली. २०२३ साली त्याबद्दल तिथल्या आरोग्य खात्याबरोबर ३०,००० डॉलर्स भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ आहे, गोपनीयतेच्या हक्काचं. तेव्हा ताईला मी सांगितलं, रिव्ह्यू मागू नकोस, आले तर येऊ देत, आणि उत्तर द्यायचंच असेल तर सगळ्यांना लागू पडेल असं एकच वाक्य ठेव: गोपनीयतेमुळे आम्ही इथे कोणाबद्दलही बोलत नाही, तक्रार असेल तर फोन करा.

मग आता म्हणाल, सगळ्याला नन्नाचा पाढा लावलास, करायचं काय?

माझ्या मते खरं काम भाषेचं आहे. पुण्या-मुंबईच्या बहुतेक थेरपिस्टांच्या साइट्स बघा, सगळ्या इंग्रजीत. सेफ स्पेस, हीलिंग जर्नी, ट्रॉमा इन्फॉर्म्ड, आणि पार्श्वभूमीला धुकं किंवा दगडांची चळत. हे वाचून ज्याला कळतं त्याला थेरपिस्ट सापडण्याचे इतर मार्गही असतात. आपल्यासारख्या कंपनीत काम करणाऱ्यांना तर एचआरची मेलही येते, अमुक सेशन्स फुकट म्हणून. पण मराठीत विचार करणारा माणूस रात्री दीड वाजता मोबाइलवर काय टाइप करतो?

हे कळायला मी कीवर्ड टूल उघडलं नाही. ताईला विचारलं, "कुणाचं नावगाव नको, पण पहिल्यांदा येणारी माणसं साधारण सुरुवात कशी करतात?" ती म्हणाली, "नैराश्य आहे असं कुणी म्हणत नाही रे. झोप लागत नाही म्हणतात. छातीत धडधडतं पण ईसीजी नॉर्मल आहे म्हणतात. डोक्यात सारखं तेच तेच चालू असतं. ऑफिसला जायच्या विचारानं पोटात गोळा येतो. नवरा घरात बोलतच नाही. मुलगा दहावीला आहे आणि दार लावून बसतो."

हीच तुमची कीवर्डची यादी! माणूस आजाराचं नाव शोधत नाही, त्याला ते माहीतच नसतं. तो त्रास शोधतो, आणि आपल्याकडे त्रास बऱ्याचदा आधी शरीरात जाणवतो. आता हे शब्द टाकले की उत्तर द्यायला कोण उभं असतं, ते करून बघा. मी करून बघितलं. झोपेच्या शोधात जायफळ आणि तळपायाला तेल, धडधडीच्या शोधात हार्ट अटॅकची लक्षणं (म्हणजे होती ती धडधड दुप्पट!), आणि 'नवरा बोलत नाही' म्हटलं की चोवीस तासांत वशीकरण. थेरपिस्ट नाहीच. ती बिचारी तिकडे 'बेस्ट सायकॉलॉजिस्ट इन इंडिया'साठी भांडतेय.

मराठीत स्पर्धा कमी आहे, त्यामुळे साधं, नीट लिहिलेलं एखादं पान बऱ्यापैकी वर येऊ शकतं. पण काही खाचखळगे आहेत. मला त्यांत मजा आली, म्हणून जरा रेंगाळतो.

'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्दच घ्या. शुद्ध रूप 'तज्ज्ञ', लोक सर्रास लिहितात 'तज्ञ', कुणी जोडून, कुणी तोडून. बरेच जण मराठीच रोमन लिपीत टाइप करतात. 'ॲ' या अक्षराची तर वेगळीच कथा. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी आणि अजूनही बरेच कीबोर्ड ते 'अ' वर चंद्र जोडून बनवतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच, कंप्युटरला दोन वेगळे शब्द. गुगल यातलं बरंच सांभाळून घेतं, म्हणून सगळी रूपं पानात कोंबायची गरज नाही. शुद्ध लिहा, एखाद्या वाक्यात लोकांच्या तोंडचं रूप सहज येऊ द्या, बस्स. लिंकचा पत्ता मात्र देवनागरीत ठेवण्याआधी विचार करा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह कॉपी केल्यावर टक्क्यांच्या खुणांसकट ९ कॅरेक्टर्सचं होतं. 'मन' एवढ्या शब्दाचे १८! व्हॉट्सॲपवर अशी लिंक आली की लोकांना व्हायरस वाटतो.

पण 'मानसोपचारतज्ज्ञ'मध्ये स्पेलिंगपेक्षा मोठी गोम आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट: एमबीबीएस, पुढे त्या विषयातलं शिक्षण, औषध लिहून देऊ शकणारा डॉक्टर. लोक मात्र हाच शब्द सगळ्यांसाठी टाकतात. साहजिकच एसईओवाला म्हणतो, हाच शब्द टायटलमध्ये घाला, याला सर्च जास्त आहे. ताई डॉक्टर नाही. तिनं तो शब्द स्वतःला लावला तर रँकिंग वाढेल आणि माणूस फसेल. आम्ही काय केलं? एक पान केलं, 'मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक - मी कोण आणि तुम्हाला कोण हवं?' त्यात सरळ लिहिलं: मी औषधं देत नाही; अमुक अमुक त्रास असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शोधणाऱ्याचा शब्दही आला आणि खोटंही बोलावं लागलं नाही. सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान आज तेच आहे.

मी एसईओ म्हणतो ते याला. शब्दाशी तुमचा संबंध आहे हे गुगलला पटवायचं तर आधी तो संबंध खरा हवा.

याला जोडूनच पात्रतेचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानुसार. 'थेरपिस्ट', 'कोच', 'हीलर' या शब्दांना मात्र असं कुंपण नव्हतं. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी नवा कायदा झाला, त्यात समुपदेशनासारखी कामंही आली, पण कायदा होणं आणि गल्लीतल्या पाटीपर्यंत तो पोचणं यात अंतर असतंच. तेव्हा साइटवर पदवी, ती कुठल्या विद्यापीठाची, नोंदणी असेल तर क्रमांक, कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे पहिल्याच पानावर हवं. गुगल आपल्या परीक्षकांना जे निकष देतं त्यात अनुभव, तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वास यांवर भर आहे. पण गुगल बाजूला ठेवलं तरी शोधणाऱ्याला एवढं कळायलाच हवं. वाचणारे तुम्ही स्वतः उद्या थेरपिस्ट शोधायला निघालात, तर साइटवर हे दिसत नसल्यास बिनधास्त विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हा इंजिनिअर लोकांचा थेट संबंध आहे तो इथे.

कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात होतं: 'पिक्सेल इन्स्टॉलेशन अँड रिटार्गेटिंग'. म्हणजे साइटवर फेसबुक वगैरेंचा एक छोटा कोड टाकायचा. कुणी येऊन गेलं की नंतर तो माणूस जिथे जाईल तिथे आपली जाहिरात त्याच्या मागे फिरते. बूट विकायला ठीक आहे. इथे कल्पना करा: एका मुलीनं 'घटस्फोटाआधीचं समुपदेशन' हे पान उघडलं, आणि संध्याकाळी सासूच्या शेजारी बसून मोबाइल बघताना तीच जाहिरात आली.

ही भीती काल्पनिक नाही. बेटरहेल्प ही ऑनलाइन थेरपीची मोठी अमेरिकन कंपनी. माहिती खासगी राहील असं सांगून लोकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि ईमेल पत्ते वगैरे माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्टसारख्यांना द्यायची, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर ठेवला. २०२३ साली प्रकरण ७८ लाख डॉलर्सवर मिटलं. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण जाहिरातीसाठी आरोग्याची माहिती देण्यावर बंदी आली. आपल्याकडेही त्याच वर्षी व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण कर्वेनगरातल्या दोन खोल्यांच्या प्रॅक्टिसमध्ये येऊन कोड कोण तपासणार? जो साइट बनवतो तोच. म्हणजे तुम्ही आणि मी.

म्हणून ताईच्या साइटवर पिक्सेल नाही, चॅटची खिडकी नाही, आणि फॉर्ममध्ये 'तुमची समस्या सविस्तर लिहा' हा रकानाही नाही. फक्त नाव, फोन, आणि कधी फोन केलेला चालेल. (घरच्यांसमोर फोन वाजला तर चालणार नाही, हे बऱ्याच जणांचं असतं.) किती लोक आले हे कळायला सर्च कन्सोल आहे, फुकट. कोणते शब्द टाकून लोक आले हे ते ढोबळमानानं दाखवतं, कोण आले हे दाखवत नाही. आम्हाला तेवढंच हवं होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. ताईच्या मैत्रिणीनंच घेतला. ती म्हणाली, "आपण सगळे नियम पाळायचे, रिव्ह्यू मागायचे नाहीत, आणि शेजारचा तीन दिवसांचा कोर्स करून आलेला हीलर दोनशे रिव्ह्यू घेऊन वर बसणार. मग नुकसान कोणाचं?"

मान्य. काही शोधांमध्ये तो वर बसेलच, माझ्याकडे त्यावर जादू नाही. पण याचा अर्थ आपणही तेच करावं असा होत नाही, आणि 'आमचं काम तोंडोतोंडी चालतं, आम्हाला वेबसाइटची गरज नाही' असं म्हणून गप्प बसावं असाही होत नाही. हे दुसरं वाक्य मी चांगल्या, अनुभवी लोकांकडून जास्त ऐकतो, आणि मला ते जास्त खटकतं. तोंडोतोंडी माहिती मिळायला आधी कुणाशी तरी बोलावं लागतं ना? ज्याला घरात, मित्रांत कुणालाच सांगता येत नाही तोच तर गुगलला विचारतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. याची कारणं अनेक आहेत, डॉक्टरच कमी आहेत, पैसा आहे, लाज आहे. वेबसाइटनं ती सगळी सुटणार नाहीत. पण 'कुठे जायचं तेच कळलं नाही' हे एक कारण तरी आपण कमी करू शकतो.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी समुपदेशक असेल आणि तुम्हाला वेबचं थोडंफार येत असेल, तर एक विकांत द्या. काम फार नाही. मराठी आणि इंग्रजी पानं वेगळी ठेवा, आणि मराठी पान यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका, थेरपिस्टला बोलायला लावा आणि लिहून घ्या. त्रासाच्या चार-पाच नेहमीच्या प्रकारांवर एकेक पान, लोकांच्या शब्दांत. फी आकड्यात लिहा, 'संपर्क साधा' नको. सवलतीच्या जागा असतील तर तेही. पहिल्या भेटीत काय होतं हे लिहा, कारण न गेलेल्या माणसाला तीच सगळ्यात मोठी धास्ती असते. साइट साध्या मोबाइलवर, रडक्या नेटवर पटकन उघडली पाहिजे. वर्षातून दोनदा वेळा आणि फोन तपासा. सध्या जागा नसेल तर तसं लिहा आणि ओळखीच्या दोन चांगल्या लोकांची नावं द्या, त्यांना विचारून. एसईओवाला म्हणेल, दुसऱ्याची लिंक कशाला देता? द्या! त्या माणसाला जायला जागा मिळते.

आणि प्रत्येक पानाच्या वरच, स्क्रोल न करता दिसेल असं, हे लिहा: आत्ता या क्षणी जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ ला फोन करा. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा नंबर वर टाकल्यानं रँकिंगमध्ये काहीही फरक पडत नाही. टाका.